सात फुटी स्पिनिंग रॉड: वन-पीस घ्यावा की टू-पीस?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मासेमारीसाठी पहिला बरा स्पिनिंग रॉड घ्यायचाय, लांबी सात फूट. तलाव आणि नदीकाठ, मध्यम वजनाचे लुअर (नकली आमिष), ब्रेडेड, म्हणजे विणलेली, लाइन. जाणं-येणं मोटारसायकलवर. ओळखीतले जुने जाणते सांगतायत की टू-पीसच्या, म्हणजे दोन तुकडे जोडून बनणाऱ्या रॉडच्या, नादी लागू नका, सलग वन-पीस बरा; टू-पीस सांध्यात मोडतो आणि माशाची टोच हाताला कळत नाही. त्यात तथ्य किती?

टू-पीस घ्या. मोटारसायकलचा उल्लेख तुम्ही अगदी शेवटी, जाता जाता केलाय, पण निकाल तिथेच लागतो.

सात फूट म्हणजे 213 सेंटीमीटर. एवढी लवचीक काठी, तीही टोकाला काडीपेक्षा बारीक, दुचाकीवर कशीही बांधली तरी पुढे किंवा मागे बाहेर येणारच. उभी बांधली तर झाडाच्या फांद्या, आडवी बांधली तर शेजारून जाणारी गाडी. टू-पीस सुटा केला की प्रत्येक तुकडा साधारण 110 सेंटीमीटरचा होतो आणि पाठीला किंवा गाडीच्या अंगाला लागून बसतो. रॉड मोडतात ते बहुतेक वेळा माशामुळे नाहीच. गाडीचं दार लागतं, घरात उभा नेताना छताचा पंखा लागतो, काठावर आडवा ठेवलेल्यावर कुणाचा तरी पाय पडतो. सलग रॉडला हे सगळे धोके दुप्पट लांबीने भेटतात.

आता सांध्याबद्दल. जाणते लोक उगीच बोलत नाहीत, फक्त त्यांची माहिती जुन्या रॉडची आहे. चिरलेल्या बांबूच्या पट्ट्या चिकटवून रॉड बनत, तेव्हा दोन तुकडे जोडायला धातूच्या नळ्या असायच्या. बांबू वाकतो, धातू वाकत नाही. त्यामुळे रॉडच्या मधोमध एक ताठ, जड गाठ तयार व्हायची आणि सगळा ताण त्या नळीच्या दोन्ही काठांवर येऊन साचायचा. मोडला तर तिथेच मोडायचा. पुढे फायबरग्लास आलं, 1970 च्या दशकात कार्बनचे रॉड बाजारात आले आणि सांधाही त्याच मालाचा होऊ लागला. काठीसोबत तोही वाकतो. तुम्ही आज दुकानात जो टू-पीस हातात घ्याल, त्याचा धातूच्या नळीशी काही संबंध उरलेला नाही.

आजचे सांधे मुख्यतः दोन तऱ्हांचे. एकात वरच्या तुकड्याचं खालचं तोंड पोकळ असतं आणि ते खालच्या तुकड्याच्या शेंड्यावर टोपीसारखं चढतं. दुसऱ्यात खालच्या तुकड्यातून एक भरीव किंवा पोकळ खुंटी वर आलेली असते आणि तिच्यावर वरचा तुकडा बसतो. खुंटीच्या सांध्यात पूर्ण बसवल्यावरही दोन तुकड्यांमध्ये अर्ध्या-एक सेंटीमीटरची फट दिसते. ती पाहून लोक दुकानदाराशी भांडतात, पण ती मुद्दाम ठेवलेली असते. खुंटी वापराने झिजते, तसा वरचा तुकडा थोडा थोडा खाली सरकतो आणि पकड घट्ट राहते. फट पूर्ण मिटली की मात्र सांधा संपत आला असं समजायचं.

‘टोच कळत नाही’ या आक्षेपात थोडं तथ्य आहे. सांध्यापाशी काही सेंटीमीटर माल दुहेरी असतो, म्हणजे किंचित वजन आणि किंचित ताठपणा वाढतो. एकाच कंपनीचा, एकाच मालाचा वन-पीस आणि टू-पीस शेजारी शेजारी धरले तर सरावलेल्या हाताला वन-पीस जरा हलका, जरा जिवंत वाटेल. पण तुम्हाला जे जाणवतं त्यातला मोठा वाटा इतर गोष्टींचा असतो. कार्बन किती चांगला, गाइड (लाइन ओवायच्या कड्या) किती जड, आणि सगळ्यात आधी लाइन. मोनोफिलामेंट, म्हणजे एकाच सलग धाग्याची लाइन, ताणली जाते आणि टोचेतला बराचसा झटका त्या ताणातच विरतो. ब्रेडेड जवळजवळ ताणली जात नाही. तुम्ही ब्रेडेड वापरणार आहात म्हणता, म्हणजे सांध्यामुळे जे काही जाईल त्याच्या कित्येक पट तुम्ही आधीच कमावलंय. वन-पीससाठी राखलेला हट्ट चांगल्या ब्लँकवर खर्च करा, म्हणजे रॉडच्या मूळ काठीवर. हलक्या दर्जाचा वन-पीस आणि चांगला टू-पीस यात मी डोळे मिटून दुसरा उचलेन.

एक अट आहे. सांधा घट्ट हवा. सैल सांधा हाच खरा मोडणारा सांधा. दोन तुकडे एकमेकांत डुलायला लागले की फेकीचा सगळा जोर बाहेरच्या पोकळ तोंडाच्या काठावर येतो आणि ते उभं चिरतं. ‘सांध्यात मोडला’ म्हणून दाखवले जाणारे रॉड नीट पाहिलेत तर बहुतेकांचं तोंड असंच फाटलेलं दिसेल. दोष सांधा असण्याचा नसतो, तो दिवसभरात एकदाही न तपासण्याचा असतो. फेकी मारत राहिलं की सांधा हळूहळू ढिला होतोच आणि वरचा तुकडा फिरूही लागतो. अधूनमधून गाइड एका रेषेत आहेत का बघा, वाटलं तर पुन्हा दाबून बसवा. हाताला हलकी ‘टकटक’ जाणवली तर त्याच क्षणी थांबा. मोठ्या फेकीत वरचा तुकडा लुअरसकट पाण्यात गेलेला मी पाहिलाय. लाइनला अडकून तो परत येतो, पण काठावरच्या मंडळींचं हसू काही आवरत नाही.

दुकानात काय पाहाल? रॉड जोडा, हँडल धरून हलकेच झुलवा. सांध्यात खडखड नको. एक डोळा मिटून हँडलकडून टोकाकडे बघा, सगळ्या कड्या एका सरळ ओळीत यायला हव्यात. पोकळ तोंडाच्या काठावर दोऱ्याची गुंडाळी आणि वर वार्निश आहे का पाहा, ते तोंड चिरू नये म्हणूनच असतं. मग कड्यांमधून लाइन ओवून दुसऱ्याला टोक धरून ओढायला सांगा आणि वाक बघा. कमान टोकापासून खाली सलग उतरली पाहिजे. मध्येच सपाट जागा दिसली तर तो रॉड ठेवून द्या. टोक हाताने धरून वाकवू नका आणि दुकानदारालाही तसं करू देऊ नका, कारण ताण एकाच बिंदूवर येतो. आणि एकाच मॉडेलचे दोन रॉड समोर असतील तर तुकड्यांची अदलाबदल होऊ देऊ नका. प्रत्येक जोडी कारखान्यात एकमेकांना बसवलेली असते.

वन-पीसची बाजू घेणारे कुठे बरोबर आहेत तेही सांगतो. बोटीवरून खोल पाण्यात जड जिग (वजनदार लुअर) वरखाली करायचं असेल, मोठा मासा थेट बुडाखालून उचलायचा असेल, किंवा दाट वनस्पतीतून मासा ओढून काढायचा असेल, तर सलग काठीचा जोर वेगळाच. शिवाय तिथे रॉड बोटीवरच उभा राहतो, घरी न्यायचा प्रश्न नसतो. सहा फुटांच्या आतले छोटे रॉडही वन-पीस परवडतात, कारण ते गाडीच्या आत तिरके मावतात. तुम्ही उद्या चारचाकी घेतलीत, मागची सीट दुमडली आणि रॉड कायम तिच्यातच राहणार असेल तर माझं उत्तर बदलेल.

या दोन्हींच्या मधला एक प्रकार आहे आणि तो मला फार आवडतो. त्यात सांधा मध्यावर नसून हँडलच्या जरा वर असतो. वाकणारा वरचा भाग जवळजवळ सलगच राहतो. मात्र वरचा तुकडा लांब असतो, त्यामुळे मोटारसायकलवर फायदा अर्धाच. लांब रॉडमध्ये तर निवड करायची वेळच येत नाही. समुद्रकिनाऱ्यावरून फेकायचे बारा-तेरा फुटी रॉड दोन किंवा तीन तुकड्यांतच येतात, आणि हलकी नकली माशी फेकायचा नऊ फुटी फ्लाय रॉड आता सर्रास चार तुकड्यांत मिळतो. सांधे इतके वाईट असते तर मनगटाच्या बारीक जाणिवेवर चालणाऱ्या फ्लायवाल्यांनी ते कधीच फेकून दिले असते. टेलिस्कोपिक, म्हणजे एकात एक सरकून मिटणारा, रॉड पिशवीत पडून राहायला ठीक आहे, पण पहिला आणि एकमेव रॉड म्हणून नको.

जोडताना दोन्ही टोकं पुसून घ्या. वाळूचा एक कणही आत गेला तर तो कार्बन घासत राहतो. कड्या रेषेपासून थोड्या बाजूला ठेवून दाबा आणि मग हलकेच फिरवत रेषेत आणा. आतल्या बाजूच्या तुकड्यावर साधी मेणबत्ती अलगद घासली तर पकडही वाढते आणि अडकतही नाही. तेल मात्र लावू नका. घरी आल्यावर तुकडे सुटे करून वाळवा. जोडलेला रॉड आठवडाभर कोपऱ्यात उभा राहिला की सांधा हट्टाला पेटतो. तसा अडकलाच तर पक्कड आणू नका, गाइड धरून पिळू नका. थोडं खाली बसा, रॉड गुडघ्यांच्या मागून आडवा घ्या, सांध्याच्या दोन्ही बाजूंना हात धरून गुडघे बाहेर फाका. हातांच्या ताकदीपेक्षा हा जोर मोठा आणि सरळ रेषेत असतो, सांधा बहुधा सुटतो.

अजून एक, हे वन-पीसलाही लागू. कार्बनमधून वीज वाहते. जोडलेला रॉड खांद्यावर उभा धरून विजेच्या तारांखालून जाऊ नका, आणि ढग गडगडायला लागले की रॉड खाली ठेवा.

प्रवासासाठी साधारण 120 सेंटीमीटरचा प्लास्टिकचा पाइप घ्या, दोन्ही बाजूंना झाकणं, आत टोकाशी थोडा फोम. दोन्ही तुकडे सैल पट्टीने एकत्र बांधा, पण टोकाची कडी पाइपच्या बुडाला टेकणार नाही अशा बेताने. रील (लाइन गुंडाळायची फिरकी) काढून वेगळ्या पिशवीत ठेवा. पाइप पाठीवर उभा अडकवायचा असेल तर तो डोक्याच्या वर येणार नाही इतका खाली घ्या.