ताप आलाय, शेजाऱ्यांना सांगू का?

ही पत्रं आणि उत्तरं मे २०२१ मधली, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेतली आहेत; त्यांतले नियम, तारखा आणि योजना तेव्हाच्या. त्या महिन्यात आलेली पत्रं बहुतेक मोबाइलवर आली. वहीच्या पानावर लिहायचं, त्याचा फोटो काढायचा आणि पाठवायचा. एका पानावर हळदीचं बोट उमटलेलं होतं. वाचून सगळ्यांना उत्तर द्यावंसं वाटलं, पण जागा तेवढी नाही. पहिल्या पत्राला मी जास्त जागा दिली आहे. त्याचं कारण उत्तरातच आहे.

सिस्टर, नमस्कार. आम्ही इचलकरंजीत चाळीत राहतो. एकच खोली, संडास सहा घरांत मिळून एक. आमचे मालक यंत्रमागावर कामाला आहेत. त्यांना तीन दिवस ताप होता, काल कोरोनाचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला. सासूबाई म्हणतात, कुणाला सांगू नको. मागच्या वर्षी पलीकडच्या घरात एक जण सापडला तेव्हा गल्लीला बांबू लावले, दारावर पाटी लावली आणि दूधवाल्यानं दूध बंद केलं. सासूबाईंना साखरेचा त्रास आहे, वय ७०. घरात दोन मुलं आहेत. सांगू की नको?

सांग बाई. आजच सांग.

सासूबाईंना मी चूक म्हणणार नाही. गेल्या वर्षी त्या दारांवरच्या पाट्या मीही पाहिल्यात. आजारी माणसाच्या घराला पत्रे ठोकले, त्या घरातल्या बाईला नळावरून परत पाठवलं, बरा होऊन आलेल्या माणसाशी महिनाभर कुणी बोललं नाही. लोक लपवायला शिकले ते तिथंच. तुझ्या सासूबाईंना भीती आजाराची नाही, माणसांची आहे, आणि ती त्यांनी डोळ्यांनी बघितलेली आहे.

पण लपवल्यावर काय होतं ते मी माझ्या घरात बघितलंय. माझ्या धाकट्या भावाचं वाळवा तालुक्यात किराणा दुकान होतं. २०२० च्या सप्टेंबरात त्याला ताप आला. कळलं तर दुकान चौदा दिवस बंद, गणपती-गौरीत भरलेला माल तसाच पडून राहणार, म्हणून तो बोलला नाही. मेडिकलमधून तापाच्या गोळ्या आणायचा, गोळीनं ताप उतरला की गल्ल्यावर बसायचा. पाचव्या दिवशी संध्याकाळी वहिनीचा फोन आला, "जिना चढताना दोनदा खाली बसले." मी म्हटलं, ऑक्सिजन तपास. बोटाला लावून ऑक्सिजन मोजायचं यंत्र, ऑक्सिमीटर, घरात नव्हतं. होतं ते गावच्या आशा सेविकेकडे, आशाताईंकडे, आणि त्यांना बोलावलं तर गावाला कळणार. रात्र तशीच गेली. सकाळी यंत्र लावलं तेव्हा आकडा ८१ होता. खाट मिळाली ती तिसऱ्या ठिकाणी. अकराव्या दिवशी तो गेला.

दिवस झाल्यावर मी दुकान आवरायला गेले. उधारीच्या वहीचं शेवटचं पान उघडलं. एका बाजूला कुणाची साखर, कुणाचं तेल आणि खाली त्याच अक्षरात, त्याच शाईनं लिहिलेलं: "स. १ गोळी, ९९. दु. १०१. रा. १ गोळी, १०२." पाच दिवसांचा हिशेब होता. माझा भाऊ अडाणी नव्हता, निष्काळजीही नव्हता. स्वतःचा ताप तो नीट मोजत होता, फक्त तो कुणाला दाखवता येत नव्हता. मी ३१ वर्षं सांगलीत दवाखान्यात काम केलं, आणि माझ्यापासून दहा कोसांवर ती वही गल्ल्याखाली पडून होती.

म्हणून सांगते. या आजारात ऑक्सिजन कमी होतो तेव्हा माणसाला दम लागतोच असं नाही. गप्पा मारत बसलेल्या माणसाचा आकडा ८८ निघतो. हे बघायला यंत्र लागतं, आणि ते मागायचं तर कुणाला तरी सांगावं लागतं.

आधी वॉर्डातल्या आशाताईंना फोन कर. यंत्र आणि थर्मामीटर त्यांच्याकडे असतो. दिवसातून तीनदा आकडा बघून कागदावर वेळेसकट लिही. बोट गार नको, नखाला मेंदी किंवा रंग नको, यंत्र लावल्यावर मिनिटभर थांबून मग वाच. शिवाय सहा मिनिटं खोलीतल्या खोलीत चालायला लाव आणि चालण्याआधी नि नंतर आकडा बघ. चालून तो तीनपेक्षा जास्त उतरला किंवा ९४ च्या खाली गेला, तर सकाळची वाट बघू नकोस.

मालकांनी घरी राहू नये असं माझं स्पष्ट मत आहे. घरी विलगीकरण करायचं तर वेगळी खोली हवी, वेगळा संडास हवा. तुमच्याकडे दोन्ही नाही, आणि घरात सत्तरीच्या मधुमेही बाई आहेत. शाळेत किंवा वसतिगृहात सरकारी कोविड सेंटर असतं, तिथं पैसे पडत नाहीत. बरोबर दोन लुंग्या, चादर, तांब्या, चार्जर आणि चालू असलेल्या गोळ्या दे. लक्षणं सुरू झाल्यापासून दहा दिवस झाले आणि शेवटचे तीन दिवस ताप नसला, की मे २०२१ च्या नियमानं सौम्य आजाराच्या माणसाला पुन्हा चाचणी लागत नाही. तुम्ही चौघंही तपासून घ्या.

मग चाळीत सांग. सगळ्यांना गोळा करू नकोस. एकेका दारात जा, चार हात लांब उभी राहा, मास्क लाव आणि एवढंच बोल: "आमच्या मालकांना कोरोना झालाय, ते सेंटरला चाललेत. आमचा रिपोर्ट येईपर्यंत आम्ही संडासला सगळ्यांच्या शेवटी जाऊ, ब्लीचिंग पावडर टाकून धुऊ आणि दार अर्धा तास उघडं ठेवू. पाणीही शेवटी भरू." शेजाऱ्याला राग येतो तो बहुतेक वेळा मागाहून कळल्याचा. आधी कळलं की सहापैकी एक तरी घर म्हणतं, "तुझी घागर मी भरून ठेवते." त्या एका घरावर दहा दिवस निघतात.

आणखी एक. मोबाइलवर गोळ्यांची यादी फिरते आहे, त्यात स्टिरॉइड आहे. डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय ती गोळी घरात येऊ देऊ नकोस. पहिल्या दिवसांत, ऑक्सिजन चांगला असताना ती नुकसान करते आणि साखर भडकवते. कोरोनानंतर काळ्या बुरशीच्या आजाराचे जे रुग्ण आता दिसताहेत, त्यांत मधुमेही माणसं फार आहेत.

सासूबाईंना हे सगळं वाचून दाखव. दूध बंद केलं तर मला कळव, मी तुमच्या नगरपालिकेत स्वतः फोन करीन.

आई-वडिलांना ३० मार्चला कोविशिल्ड लस मिळाली. तेव्हा दुसऱ्या डोसला सहा ते आठ आठवड्यांनी या म्हणाले. आता बारा ते सोळा आठवडे म्हणतात. वडील म्हणतात, लस संपली म्हणून हा बहाणा आहे, पहिला डोस वाया गेला. पहाटे चारला रांगेत उभे राहायला निघतात. काय करू? – कोल्हापूर

दादा, पहिला डोस वाया गेलेला नाही. वडिलांना आधी तेवढं सांगून शांत करा.

तारखांचा गोंधळ झाला हे खरं आहे. जानेवारी २०२१ मध्ये दोन डोसांतलं अंतर चार ते सहा आठवडे होतं, मार्चच्या अखेरीस सहा ते आठ झालं आणि १३ मे रोजी बारा ते सोळा. ब्रिटनमध्ये याच लसीचे दोन डोस लांबवून दिले, तेव्हा जास्त अंतरानं संरक्षण चांगलं मिळतं असं दिसलं. त्यामुळे या बदलाला आधार आहे. लस कमी आहे हेही तितकंच खरं आहे. आपल्या राज्यानं १८ ते ४४ वयाच्या लोकांचं लसीकरण याच महिन्यात थांबवलं ते त्यासाठीच. वडिलांना दोन्ही गोष्टी सांगा. अर्धं सांगितलं की म्हाताऱ्या माणसाला वास येतो आणि मग ते काहीच खरं मानत नाहीत.

३० मार्चपासून बारा आठवडे २२ जूनला होतात, सोळा आठवडे २० जुलैला. कॅलेंडरवर २२ जूनला खूण करा. तोवर पहाटेची रांग नको. त्या रांगेत लस मिळणार नाही, पण खोकणारा माणूस शेजारी उभा असू शकतो. पहिल्या वेळी जो मोबाइल नंबर दिला तोच दुसऱ्या वेळी लागेल, तो बंद पडू देऊ नका. कोव्हॅक्सिन ही दुसरी लस घेतलेल्यांचं अंतर मात्र बदललेलं नाही, चार ते सहा आठवडेच. त्यांनी थांबू नये.

आमच्या सोसायटीनं कामवाल्या मावशींना बंदी केली आहे. गेल्या वर्षी आम्ही चार महिने पूर्ण पगार दिला. या वर्षी यजमान म्हणतात, किती दिवस देणार? माझं मन मानत नाही. – पुणे

ताई, द्या. पूर्ण द्या. यजमानांना मी लिहिलंय म्हणून सांगा.

तुम्ही पत्रात लिहिलंय की मावशींची चार घरं होती, त्यातली तीन बंद झाली आणि नवऱ्याची रिक्षा उभी आहे. म्हणजे त्या घरात येणारे ठरलेले पैसे एवढे तुमचेच, १८०० रुपये. सरकारनं एप्रिलमध्ये घरकामगारांना १५०० रुपये जाहीर केले, पण ते नोंदणी असलेल्यांना. मावशींची नोंदणी आहे का, ते विचारलंत का? बहुतेक बायकांना अशी नोंदणी असते हेच ठाऊक नसतं. शिवभोजन थाळी सध्या, मे २०२१ मध्ये, फुकट आहे आणि रेशनवर माणशी तीन किलो गहू नि दोन किलो तांदूळ मोफत जाहीर झालेत. त्यांच्या दुकानात ते मिळाले का, हेही फोनवर विचारा. पैसे पाच तारखेच्या आत पाठवा आणि त्यांना गेटवर घ्यायला बोलावू नका. वॉचमनसमोर हात पसरल्यासारखं वाटतं.

मावशींचं वय ४५ च्या पुढे असेल तर त्यांचं नाव लसीसाठी तुमच्या मोबाइलवरून नोंदवा. एका नंबरावर चार नावं बसतात. तुम्ही दोघं धरून अजून दोन जागा आहेत. त्यांच्या फोनला बटणं असतील, तर त्या ही नोंदणी कशी करणार?

आणि सोसायटीच्या बैठकीत बोला. पार्सलवाला मुलगा लिफ्टनं वर येतो, गॅसवाला स्वयंपाकघरापर्यंत येतो, मग बंदी एकट्या मावशींनाच का, हा प्रश्न कुणीतरी विचारला पाहिजे.

तौक्ते चक्रीवादळात आमच्या आगरातल्या कैऱ्या भुईला पडल्या. सहा-सात पाट्या आहेत. मुंबईहून दीर-जाऊ आलेत, ते मांगरात वेगळे राहिलेत. वाडीतल्या लोकांना कैऱ्या द्यायच्या तर ते घेतील का? आणि उरलेल्यांचं काय करू? – रत्नागिरी जिल्हा

दीर-जाऊ मांगरात आहेत हे वाडीला सांगून द्या, म्हणजे घेतील. हा आजार माणसाच्या श्वासातून येतो, कैरीतून नाही. पाट्या गडग्यावर, म्हणजे दगडी कुंपणावर, ठेवा, ज्याला हवं तो नेईल आणि घरी जाऊन धुऊन घेईल.

आपटलेल्या कैरीचं लोणचं टिकत नाही, त्या भानगडीत पडू नका. काळा पडलेला भाग कापून टाका. चांगला गर असेल त्याचा आज-उद्या मेथांबा करा, थोड्या कैऱ्या उकडून पन्हं करा. शाळेत विलगीकरणाला माणसं असतील तर कळशीभर तिकडे पाठवा, वेलची घालून. बाकीच्यांची आंबोशी. साल काढून लांब फोडी करा, मीठ लावून रात्रभर ठेवा, पाणी सुटेल ते काढून जुन्या सुती साडीवर पसरा. ऊन आता भरवशाचं नाही. दुपारी ढग आले की साडी चार कोपऱ्यांना धरून तशीच उचलायची आणि पडवीत न्यायची, फोडी गोळा करत बसायचं नाही. दोघी जणी लागतील. जाऊबाईंचे चौदा दिवस २९ तारखेला संपतात असं लिहिलंय, तोवर थोरल्या मुलीला हाताशी घ्या.