खोकं पुढे की कॅरिअर मागे?

प्रश्न : आम्ही नेदरलँड्समध्ये आम्स्टलव्हेनला राहतो. मुलं ३ आणि ६ वर्षांची. शिवाय दप्तरं, बाजार. इलेक्ट्रिक कार्गो सायकल पुढे खोकं असलेली घ्यावी की मागे लांब कॅरिअरवाली?

उत्तर : धाकटं एवढं लहान आहे तोवर खोकंवालीच. वजन खाली राहतं, पावसात तंबू लावता येतो, मुलं डोळ्यांसमोर. अडचण लांबीची, साधारण अडीच मीटर. ठेवायची जागा आधी टेपने मोजा. मागच्या कॅरिअरवर मुलं उंच बसतात, त्यामुळे सिग्नलला थांबताना सायकल कलते; रुंद दुपायी स्टँड हवाच. कमाल वजनाच्या आकड्यात बहुतेकदा सायकल आणि चालवणाराही धरलेला असतो, हे नीट विचारून घ्या. हँडल ढिलं वाटलं तर खोक्याखालच्या स्टिअरिंग दांड्याचे सांधे तपासा. मोटर ताशी २५ किमीनंतर पेडलला मदत थांबवतेच. म्हणून जादा पैसे वेगावर नको, हायड्रॉलिक (तेलाच्या दाबावर चालणाऱ्या) डिस्क ब्रेकवर घाला.