आरशासमोर 'मी हुशार आहे' म्हणायला लावून मुलांचा आत्मविश्वास वाढतो का?

प्रश्न थोडक्यात असा: आम्ही भांडुपला राहतो. मुलगी 13 वर्षांची, आठवीत आहे. गेलं वर्षभर सारखी म्हणते, "मी ढ आहे, माझ्याच्याने काही होणार नाही, दिसायलाही मी कशीतरीच आहे." एका ओळखीच्या बाईंनी सांगितलं की रोज सकाळी तिला आरशासमोर उभं करून 'मी हुशार आहे, मी सुंदर आहे' असं म्हणायला लावा. ती म्हणत नाही, रडायला लागते. तिचे बाबा म्हणतात, हे सगळे चोचले आहेत. मी काय करू?

ताई, आरशाचं ते आजपासून बंद करा. ती रडते तो हट्ट नाही. ज्या वाक्यावर तिचा काडीचा विश्वास नाही ते तिला स्वतःच्या तोंडाने म्हणावं लागतंय, आणि दर वेळी आतून उत्तर येतंय, "खोटं आहे हे." स्वतःशी नीट बोलायला मुलांना शिकवता येतं आणि त्याचा उपयोगही होतो. पण ते वाक्य मुलीला स्वतःला खरं वाटलं पाहिजे. तेवढं चुकलं की उपाय उलटतो.

मी लालबागच्या एका शाळेत गणित शिकवते. समुपदेशनाचा अभ्यासक्रम केल्यापासून सातवी ते नववीच्या मुलांशी वेगळी बसून बोलतेही. तुमच्या मुलीचं वाक्य मी कितीतरी मुलांच्या तोंडून, अगदी याच शब्दांत ऐकलं आहे.

उलटतो म्हणजे काय ते सांगते. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठाच्या जोआन वूड आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक अभ्यास 2009 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनी काही विद्यार्थ्यांना स्वतःबद्दल एक गोड वाक्य पुन्हा पुन्हा म्हणायला लावलं, 'मी प्रेम करण्याजोगी व्यक्ती आहे' अशा अर्थाचं. ज्यांचं स्वतःबद्दलचं मत आधीच बरं होतं त्यांना किंचित बरं वाटलं. ज्यांचं मत वाईट होतं त्यांना ते म्हटल्यावर, न म्हणणाऱ्यांपेक्षाही वाईट वाटलं. म्हणजे ज्यांच्यासाठी औषध काढलं त्यांनाच ते बाधलं. ती मुलं कॉलेजातली होती, आपली तर त्याहून लहान आणि हळवी. 'मी हुशार आहे' म्हटलं की आठवीतली मुलगी लगेच पुरावा शोधते, आणि तिला सापडतो तो घटक चाचणीचा पेपर, 20 पैकी 6.

शिवाय मुंबईतल्या घरात आरसा असतो कुठे? वन रूम किचनमधल्या कपाटाच्या दारावर. तिथेच धाकटा भाऊ दप्तर भरतोय, आजी चहा पितेय, बाबा शर्टाची बटणं लावताहेत. त्या सगळ्यांसमोर 13 वर्षांच्या मुलीने 'मी सुंदर आहे' म्हणायचं, या कल्पनेनेच माझा जीव गोळा होतो. डेव्हिड एल्काइंड या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 1967 मध्ये या वयाबद्दल एक फार उपयोगी गोष्ट मांडली. या मुलांना सतत वाटतं की सगळं जग आपल्याकडेच बघतंय, आपल्याभोवती प्रेक्षक बसले आहेत. लेडीज डब्यात शंभर बायका आपापल्या मोबाइलमध्ये असतात, पण हिला वाटतं की सगळ्यांना माझ्या हनुवटीवरची पुटकुळी दिसतेय. अशा वयात स्वतःशी बोलणं खाजगीच हवं. मनातल्या मनात, नाहीतर वहीत.

वहीपासूनच सुरू करा. जुनी, अर्धी कोरी राहिलेली कुठलीही वही चालेल. तिला आधीच सांगा की ही मी वाचणार नाही, आणि मग खरंच वाचू नका. ती उशाखाली दिसली तरी नाही. पानावर मधोमध रेघ मारायची. डाव्या बाजूला काय घडलं ते लिहायचं, उजव्या बाजूला त्या वेळी मी स्वतःला काय म्हणाले ते. आठवडाभर फक्त एवढंच, काही सुधारायचं नाही. मनात आपोआप उमटणारी ही वाक्यं पकडायची कल्पना ॲरन बेक या मनोविकारतज्ज्ञाने 1960च्या दशकात मांडली. मुलांना ती पटकन कळते, कारण त्यांना हेरगिरी आवडते.

मग एखाद्या निवांत वेळी, तिची हरकत नसेल तर, त्यातली एकच नोंद तिला वाचून दाखवायला सांगा. माझ्याकडे येणाऱ्या मुलींच्या नोंदी साधारण अशा असतात. डावीकडे: 'मॅडमनी फळ्यावर बोलावलं. अवयव पाडता आले नाहीत. सगळे हसले.' उजवीकडे: 'मी ढच आहे.' इथे आपण हळूहळू विचारायचं. सगळे म्हणजे कोण? बहुतेक वेळा मागच्या बाकावरची दोघं निघतात. काहीच आलं नाही का? "नाही, पहिली पायरी आली होती, मधल्या पदाचे दोन भाग करताना चिन्ह चुकलं." हे झालं खरं वाक्य! 'अवयव पाडताना माझं चिन्ह चुकतं.' ते गोड नाही, पण त्याच्यावर उद्या काही करता येतं. 'मी ढ आहे' यावर काहीच करता येत नाही, फक्त रडता येतं.

हे वाक्य तुम्ही तयार करून तिच्या हातात देऊ नका, हे मी अगदी आग्रहाने सांगते. मोठ्यांनी दिलेलं वाक्य मुलं मान डोलावून घेतात आणि दाराबाहेर टाकतात. तिला शोधू द्या. दहा मिनिटं शांत बसावं लागलं तरी बसा. तिचं वाक्य तुमच्या मनासारखं उजळ नसेल, 'आज कालच्यापेक्षा कमी रडले' एवढंच असेल, तरी तेच ठेवा.

आत्मविश्वास या गोष्टीवर थोडं थांबते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी 1955 पासून जी विवेकनिष्ठ उपचारपद्धती (टोकाचे विचार तपासून बदलायला शिकवणारी) घडवली, ती आपल्याकडे रुजवण्याचं मोठं काम मुंबईच्याच कि. मो. फडके यांनी केलं. एलिस यांचं म्हणणं असं की माणसाने स्वतःला मार्क देऊच नयेत, चांगलेही नाहीत आणि वाईटही नाहीत. पेपराला मार्क द्या, कामाला द्या, पण सबंध माणसाला एका शब्दात तोलता येत नाही. याला ते स्वतःचा विनाअट स्वीकार म्हणत. मला हे फार पटतं. 'मी हुशार आहे' या वाक्यातही तोच घोटाळा आहे. आज हुशार म्हणून मिरवलेली मुलगी उद्या पेपर फसला की थेट 'ढ'वर येऊन आदळते. तिला दोन्ही शिक्क्यांतून सोडवायचंय. 'मला चांगले मार्क मिळायलाच हवेत' याच्या जागी 'मिळाले तर आवडेल, नाही मिळाले तर वाईट वाटेल, पण म्हणून मी टाकाऊ ठरत नाही' इथपर्यंत ती वर्षभरात आली तरी पुष्कळ झालं.

आणखी एक युक्ती, माझ्या अनुभवात सगळ्यात लवकर लागू पडणारी. तिला विचारा, "तुझी मैत्रीण रडत आली, म्हणाली मी ढ आहे, तर तू तिला काय सांगशील?" या वयाच्या मुली मैत्रिणीला इतकं सुंदर, इतकं समजूतदार बोलतात की ऐकत राहावं. मग म्हणा, आता हेच स्वतःला सांग, पण स्वतःचं नाव घेऊन. घरी सोनू म्हणत असाल तर, "सोनू, थांब. श्वास घे. पहिली ओळ तुला येते, ती म्हण." मिशिगन विद्यापीठाचे ईथन क्रॉस आणि सहकारी यांनी 2014 मध्ये दाखवलं की लोकांसमोर बोलायच्या आधी ज्यांनी 'मी, मी' न म्हणता स्वतःला नावाने संबोधून मनाची तयारी केली, त्यांचा ताण कमी राहिला आणि बोलणंही जास्त चांगलं झालं. तो प्रयोग मोठ्यांवरचा आहे. पण वक्तृत्व स्पर्धेच्या विंगेत उभ्या असलेल्या, हात गार पडलेल्या मुलींना मी हे करायला सांगते आणि त्यांचे खांदे खाली येताना बघते. आपल्या आज्यांना यात नवल वाटणार नाही. 'मना' अशी हाक मारून स्वतःचीच समजूत घालायची रीत त्यांच्या श्लोकांत आहेच.

आता घराकडे वळते, कारण सगळं मुलीवर टाकून चालणार नाही. रशियन मानसशास्त्रज्ञ लेव्ह व्हिगोत्स्की यांनी सांगितलं होतं की मूल स्वतःशी जे बोलतं ते आधी त्याच्याशी बाहेरून बोललं गेलेलं असतं. बाहेरचं बोलणं हळूहळू आत जाऊन बसतं. 'माझ्याच्याने काही होणार नाही' हे वाक्य तिने पहिल्यांदा कुठे ऐकलं असेल? क्लासच्या सरांकडून, काकांकडून, कदाचित तुम्हीच तुमच्याबद्दल म्हणताना. आपण बायका दिवसातून कितीदा म्हणतो, "मी मेली वेंधळीच." मुलगी शेजारी बसून ऐकत असते. भाजी खारट झाली तर मोठ्याने एवढंच म्हणा, "आज मीठ जास्त पडलं, उद्या चाखून घालीन." स्वतःशी कसं बोलायचं याचा धडा तिला तिथे मिळतो.

आणि रंगाबद्दल, जाडीबद्दल, उंचीबद्दल. प्रश्नात तुम्ही 'कशीतरीच' एवढंच लिहिलंय, पण या शब्दामागे बहुतेक वेळा कुणाचं तरी बोलणं असतं. सणासमारंभाला आलेली मावशी म्हणते, "जरा सावळी आहे, पण नाक छान," आणि मग बेसन-हळदीचा उपाय सांगते. त्या क्षणी तिच्यादेखत तुम्ही बोललं पाहिजे. "तिच्या रंगावर आमच्या घरात बोलायचं नाही," इतकं सरळ. मावशी रागावेल. रागावू दे. मुलीच्या वहीतल्या पन्नास ओळींनी जे होणार नाही ते आईच्या या एका वाक्याने होतं, कारण माझी बाजू घेणारं कुणीतरी आहे हे तिला तेव्हा कळतं.

कौतुक करताना 'हुशार ग माझी बाई' टाळा. कोलंबिया विद्यापीठात क्लॉडिया म्युलर आणि कॅरल ड्वेक यांनी 1998 मध्ये पाचवीतल्या मुलांवर केलेल्या प्रयोगांत दिसलं की हुशारीबद्दल कौतुक झालेली मुलं, पुढची अवघड कोडी जमली नाहीत तेव्हा, मेहनतीबद्दल कौतुक झालेल्या मुलांपेक्षा लवकर हिरमुसली आणि नंतरची सोपी कोडीही त्यांना कमी जमली. पण नुसतं 'छान मेहनत घेतलीस' हेही दोन दिवसांत पोकळ होतं. नेमकं दिसलेलं सांगा. "आकृती तू आधी कच्ची काढलीस ते मी पाहिलं."

बोलण्याला करण्याचा आधार हवा, नाहीतर ते हवेत राहतं. मानसशास्त्रज्ञ आल्बर्ट बंड्युरा यांनी 1977 मध्ये मांडलं की 'मला हे जमेल' असं वाटण्याचा सगळ्यात भक्कम आधार म्हणजे ते आधी स्वतः करून दाखवलेलं असणं. तिला एखादं खरं काम द्या, अभ्यासाबाहेरचं. भांडुपहून मुलुंडला दोनच स्टेशनं आहेत. गर्दी नसताना आधी तुम्ही बरोबर जा, मग तिला मैत्रिणीबरोबर तिकीट काढून जाऊन येऊ द्या. बाजारातून मासळी घासाघीस करून आणू द्या. परत आल्यावर 'हे मी स्वतः केलं' हे तिला कुणी शिकवावं लागत नाही.

एक शंका मनात ठेवा. वाचताना ओळी सुटणं, अंक उलटे लिहिणं, तोंडी येतं पण लिहिता येत नाही, असं लहानपणापासून असेल तर ती अध्ययन अक्षमता असू शकते, आणि मग 'ढ' हा शब्द फारच अन्यायाचा आहे. मुंबईत सायन आणि नायर रुग्णालयांत तिची तपासणी होते. प्रमाणपत्र मिळालं तर परीक्षेत जादा वेळेसारख्या सवलतीही मिळतात. आणि ती नीट जेवत-झोपत नसेल, शाळेत जायलाच नको म्हणत असेल आणि हे दोन आठवड्यांहून जास्त चाललं असेल, किंवा स्वतःला इजा करत असेल, 'मी नसते तर बरं' असं एकदा जरी म्हणाली असेल, तर वही-बिही बाजूला ठेवा आणि थेट डॉक्टर गाठा. केईएम, सायन, नायर या तिन्ही ठिकाणी मनोविकार विभागाची ओपीडी आहे. रात्री-अपरात्री 14416 या टेली-मानसच्या, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या, क्रमांकावर फुकट, मराठीतही बोलता येतं. ती 'मी नसते तर' म्हणाली तर तेच स्पष्ट शब्दांत तिला विचारा, "मरावंसं वाटतं का?" विचारल्याने तो विचार मनात पेरला जात नाही.

राहिले तिचे बाबा. त्यांच्याशी वाद घालू नका, मानसशास्त्रही सांगू नका. त्यांना एकच काम द्या. पुढचा पेपर घरी आला की आधी बरोबर आलेली उदाहरणं बघायची, त्यातलं एक बोटाने दाखवून "हे कसं सोडवलंस ते मला समजावून सांग" म्हणायचं आणि ती सांगेल ते शेवटपर्यंत ऐकायचं. मार्कांबद्दल काय बोलायचं ते जेवणं झाल्यावर.