ट्रॅप म्हणजे सापळा नव्हे

सोलापूरहून तुळजापूरला जाताना घाटात दिसणाऱ्या डोंगरांना 'मृत ज्वालामुखी' म्हणावे काय, आणि दख्खनच्या काळ्या लाव्हाखडकाचे जे 'डेक्कन ट्रॅप' हे इंग्रजी नाव आहे त्यासाठी 'दख्खनचा सापळा' असे मराठीत लिहिलेले चालेल काय, असे एका वाचकाने विचारले आहे.

दोन्हींचे उत्तर नकारार्थी आहे. पहिल्याचे थोडक्यात सांगतो. ज्या मुखातून शिलारस बाहेर पडतो ते मुख आणि त्याभोवती साचून उभा राहिलेला डोंगर, यांना ज्वालामुखी म्हणतात. अंदमानातील बॅरन बेट हा असा ज्वालामुखी आहे आणि तो जागृतही आहे. तुळजापूरकडच्या बालाघाटाचे किंवा सह्याद्रीचे डोंगर तसे उभे राहिलेले नाहीत. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या लांबच लांब भेगांतून लाव्हा वर आला, सपाट पसरून थिजला, आणि भाकऱ्यांची चवड रचावी तसे त्यावर पुढचे थर चढत गेले. नंतर पावसाने आणि नद्यांनी ही चवड कोरून काढली. जे उरले ते आजचे डोंगर. कळसूबाईचे शिखरसुद्धा या झिजेतूनच उरले आहे. तरीही प्रत्येक टोकदार सुळक्याकडे बोट दाखवून 'हे ज्वालामुखीचे तोंड' असे सहलीतले मार्गदर्शक ठासून सांगतात, आणि ते ऐकून कान किटले आहेत. लोणारचे सरोवरही या गोंधळातून सुटलेले नाही. ते अवकाशातून आलेल्या अशनीच्या आघाताने पडलेले विवर आहे, ज्वालामुखीचे नव्हे.

'सापळा' मला यापेक्षा अधिक खटकतो, कारण त्यामुळे एका सुंदर शब्दाची माती होते. उंदीर पकडण्याच्या ट्रॅपशी या ट्रॅपचे अर्थाने काहीही देणेघेणे नाही. हा शब्द स्वीडिश आहे आणि त्या भाषेत 'ट्रॅप्पा' म्हणजे जिना. पायऱ्यापायऱ्यांनी उतरणाऱ्या काळ्या खडकाला तेथील खनिजशास्त्रज्ञांनी अठराव्या शतकात हे नाव दिले आणि पुढे इंग्रजांनी ते दख्खनच्या कातळाला लावले. या पायऱ्या कशा घडतात, हे डोंगराच्या उतारावर उघड दिसते. घट्ट काळा पाषाण उभा तुटतो आणि त्याचा कडा होतो; त्याखालचा मांजऱ्या खडक पांढऱ्या खड्यांनी भरलेला आणि मऊ असल्यामुळे लवकर झिजतो आणि त्याचा उतार होतो; त्याखाली पुन्हा कडा. आमच्याकडे विहीर खोदणाऱ्यांना हेच थर भूशास्त्राचे पुस्तक न उघडता ठाऊक असतात: वर मुरूम, मग सुरुंगाशिवाय न हलणारा कातळ, आणि नशीब असेल तर खाली पाण्याचा मांजऱ्या.

आता ज्यासाठी लिहायला बसलो, तो शब्द म्हणजे 'घाट'. पंढरपुरात चंद्रभागेत उतरणाऱ्या दगडी पायऱ्या म्हणजे घाट, आणि तुळजापूरला चढवणारी डोंगरातली वाट म्हणजेही घाट. प्रचलित व्युत्पत्ती संस्कृत 'घट्ट', म्हणजे नदीचा उतारा, येथून निघते आणि डोंगराचा अर्थ मागाहून चिकटला असे मानते. ही मांडणी मला अपुरी वाटते. नदीकाठचा शब्द डोंगर चढून वर का गेला, याचे समाधानकारक उत्तर ती देत नाही. 'अर्थविस्तार झाला' एवढे म्हणून मोकळे होणे म्हणजे उत्तर नव्हे. सोलापुरात राहणाऱ्याला उत्तर शोधायला लांब जावे लागत नाही. कन्नडमध्ये 'घट्ट' म्हणजे डोंगररांग. शहराच्या पूर्व भागात घरोघरी ऐकू येणाऱ्या तेलुगूत 'गट्टु' म्हणजे बांध, काठ आणि टेकडीही. 'घट्ट' हा शब्दच द्राविडी 'कट्टु', म्हणजे बांधणे, या धातूकडे नेणारे अभ्यासक आहेत, आणि ते मला पटते. आपला 'कट्टा' त्याच घरातला. जो उंचवटा टप्प्याटप्प्याने रचलेला दिसतो, मग तो माणसाने बांधलेला असो वा निसर्गाने, तो घाट, असा मूळ भाव असावा असे माझे मत आहे. लाव्हाथरांच्या या प्रदेशात डोंगर पायऱ्यांचेच असल्यामुळे तो शब्द डोंगरालाही सहज लागला असणार. ज्यांना फक्त संस्कृत मूळच मान्य आहे, त्यांनी कन्नड आणि तेलुगू अर्थांचा हिशेब द्यावा. तो न देता 'द्राविडी मूळ ही ओढाताण आहे' असा शेरा मारणे अभ्यासाला शोभत नाही.

म्हणजे स्वीडनमधल्या माणसाला काळ्या खडकात जिना दिसला आणि दख्खनमधल्या माणसाला घाट दिसला. दोघांचा एकमेकांशी संबंध नव्हता. खडकाची घडण मात्र एकच होती.

वाचकाने 'लाव्हाथरांचे डोंगर' असे लिहावे. ट्रॅपसाठी 'सोपान प्रस्तर', म्हणजे जिन्यासारखा खडक, असा संस्कृत प्रतिशब्दही करता येतो आणि तो अचूक ठरेल, पण विहिरीवरच्या माणसाला तो कळणार नाही. त्याच्यासाठी 'पायऱ्यांचा कातळ' पुरेसा आहे.