टँकर की नवं बोअर? आधी वेलीमागं लिटर काढा

तुमचा प्रश्न असा: कवठेमहांकाळकडं एकरभर द्राक्षबाग, एप्रिल छाटणी झालीय, विहीर अर्ध्या तासात उपसतेय, म्हैसाळ उपसा योजनेच्या आवर्तनाचा (कालव्याला पाणी सोडायच्या पाळीचा) नेम नाही. बोअर पाडू की टँकर लावू?

बोअर नको. आपल्याकडं खाली काळा पाषाण. पाणी मिळतं ते मुरमात आणि भेगांत. पाचशे-सहाशे फूट गेल्यावर बहुतेकदा नुसता फुफाटा उडतो. लागलंच पाणी, तर ते बऱ्याचदा शेजारच्याच विहिरीचं ओढलेलं असतं. मग वर्षभर भांडणं.

टँकर लावा, पण हिशेबानं. नऊ बाय पाच फुटांवर एकरात साधारण 968 वेली बसतात. 10,000 लिटरचा टँकर म्हणजे वेलीला जेमतेम 10 लिटर. ते छाटणीनंतरच्या पहिल्या 40 दिवसांत खर्च करा, तेव्हा फुटी आणि पानं तयार होत असतात. त्यापुढं सूक्ष्म घडनिर्मिती सुरू होते, म्हणजे काडीच्या डोळ्यात पुढच्या हंगामाचा घड तयार व्हायला लागतो. तेव्हा पाणी कमीच लागतं. हलका ताण बसला की शेंडा थांबतो आणि डोळ्यात घड धरतो. कोवळी पानं दुपारी माना टाकतात आणि संध्याकाळी सावरतात, इथवर चालेल. सकाळीही मलूल दिसली तर पाणी सोडाच. काड्या नेहमीपेक्षा कमी राखा, जादा फुटी लवकर काढा.

ड्रिपच्या नळीवर उसाचं पाचट अंथरा, चांगलं जाड. पलूस-वाळव्याकडं अजूनही काही जण ते पेटवून देतात, गाडीभाडं घालून आणलं तरी परवडतं. (वाळवी बघा मात्र.)

शेततळं असेल तर त्याकडंही बघा. 30 बाय 30 मीटरच्या तळ्यातून मे महिन्यात रोज 7 मिलिमीटर जरी उडालं, तरी 6,300 लिटर गेलं. म्हणजे अर्ध्याहून जास्त टँकर, रोज! त्यावर शेडनेट ताणा, नाहीतर आवर्तनाचं भरून ठेवलेलं पाणी ऊनच पिऊन टाकेल.

एवढं करूनही पुरत नसेल, तर सगळ्या बागेला थोडं थोडं पाजत बसू नका. जुना, तूट पडलेला भाग सोडा आणि चांगला अर्धा एकर धरा. जिवावर येतं, पण दोन्ही अर्धवट राहिले तर पुढच्या हंगामात कुठंच धड माल दिसत नाही.

बाग डॉगरीज खुंटावर (म्हणजे दुसऱ्या जातीच्या मुळावर कलम केलेली) आहे की स्वमुळावर, ते कळवा. डॉगरीज ताण बराच सोसतो. स्वमुळावरची असेल तर वर सांगितलेला ताण निम्म्यावर आणा. छाटणीला किती दिवस झाले तेही लिहा, म्हणजे पाण्याचं नेमकं सांगता येईल.