आधी भिंत बघ, मग रंग
सोसायटीची कंपाउंड वॉल मुलांकडून चित्रांनी रंगवून घ्यायची ठरवलीस, फार बरं वाटलं. पण आधी भिंतीवरून तळहात फिरव. हाताला भुकटी लागली किंवा ओल दिसली, तर थांब. पावसाळ्यात भिंती पाणी पितात. दिवाळीनंतर नीट वाळल्या की मगच काम काढ. सुटलेला रंग खरवडून प्रायमर मार, वर बाहेरच्या भिंतीचं अ‍ॅक्रिलिक इमल्शन. ऑइल पेंट मुलांच्या हाती नकोच, हात धुवायला टर्पेंटाइन लागतं. सोसायटीची परवानगी लेखी घे.

आता मुख्य गोष्ट. तू घरून तयार डिझाइन नेलंस, तर पोरं नुसती रंगकामाला राबतात. त्यापेक्षा त्यांना नवी मुंबईतल्या ऐरोलीला खाडीवर ने. ठाणे खाडीला २०२२ मध्ये रामसर दर्जा, म्हणजे जागतिक महत्त्वाची पाणथळ जागा अशी मान्यता मिळाली, पण काठावरून फ्लेमिंगो बघितले की तो दर्जा कशासाठी, ते मुलांना आपोआप कळतं. परतल्यावर प्रत्येकाला कागद दे. कुणी फ्लेमिंगोचा गुडघा मागे वाकलेला काढला, तर खोडू नकोस; तो तसाच दिसतो, कारण तिथे असतो तो खरं तर घोटा!

निवडलेल्या चित्रांवर चौकटी आखा, खडू लावलेल्या सुतळीने तशाच मोठ्या चौकटी त्याच प्रमाणात भिंतीवर उठवा. रेघा मोठ्या मुलांनी काढाव्यात, खालचा पट्टा छोट्यांचा. शिडीवर फक्त मोठी माणसं. आणि मुलं घरी गेल्यावर त्यांचे पक्षी गुपचूप 'सुधारू' नकोस. दुसऱ्या दिवशी त्यांना ते लगेच कळतं, आणि मग ती ब्रशला हात लावत नाहीत.