नवीन सेटमधल्या कार्डांची पहिली रेटिंग इतकी का चुकतात?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मॅजिक द गॅदरिंग या पत्त्यांच्या खेळाचा नवीन सेट, म्हणजे नव्या कार्डांचा संच, जाहीर झाला की दोन दिवसांत प्रत्येक कार्डाला गुण देणारे व्हिडिओ येतात आणि महिन्याभरात त्यातले बरेच गुण खोटे ठरतात. इतका अनुभव असलेले खेळाडू चुकतात कसे आणि त्यांचं ऐकून अरेनावर (खेळाच्या ऑनलाइन आवृत्तीवर) वाइल्डकार्ड, म्हणजे हवं ते कार्ड मिळवून देणारी कूपनं, खर्च करावीत का?

घरी तेरा पानांची रमी खेळला असाल तर उत्तर निम्मं तिथेच आहे. चौकटची नव्वी चांगलं पान की वाईट? हातात चौकटची अठ्ठी आणि दश्शी असेल तर ती सोन्यासारखी, नसेल तर टाकायचं पान. बाकीची बारा पानं बघितल्याशिवाय कुणी उत्तरच देणार नाही. नवीन सेटच्या वेळी मात्र आपण नेमकं तेच करतो. एकेक कार्ड सुटं धरतो आणि त्याला पाचपैकी साडेतीन देऊन मोकळे होतो.

याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण म्हणजे नेक्रोपोटन्स. जून 1995 मध्ये आइस एज सेटमध्ये हे कार्ड आलं. किंमत तीन काळे माना (माना म्हणजे कार्ड खेळायला लागणारी रंगीत शक्ती). ते टेबलावर आलं की दर पाळीला फुकट मिळणारं पान बंद. त्याऐवजी एक लाइफ (ती संपली की खेळाडू हरतो) द्यायची, एक पान बाजूला ठेवायचं आणि पाळी संपताना ते हातात घ्यायचं. असं हवं तितक्या वेळा करता येतं. सुरुवातीला लाइफ असते 20. स्वतःचं रक्त देऊन पानं घ्यायची, वर नेहमीचं पानही गमवायचं, हे वाचून बहुतेकांनी कार्ड बाजूला टाकलं. पुढच्याच वर्षी, 1996 च्या उन्हाळ्यात, स्पर्धांमध्ये नेक्रोपोटन्सवर बेतलेल्या काळ्या डेकनी (डेक म्हणजे खेळाडूनं निवडून बनवलेली कार्डांची गड्डी) इतका धुमाकूळ घातला की त्या काळाला आजही ‘ब्लॅक समर’ म्हणतात.

ही गोष्ट सहसा ‘बघा, तेव्हाच्या तज्ज्ञांना कळलंच नाही’ अशी सांगितली जाते. मला ते अन्यायाचं वाटतं. तेव्हा ब्लॅक वाइस नावाचं एका मानाचं कार्ड सर्रास खेळलं जायचं. समोरच्याच्या हातात चाराच्या वर जितकी पानं, तितकं नुकसान ते दर पाळीला करायचं. नेक्रोपोटन्सनं हात सात पानांपर्यंत भरला की ब्लॅक वाइसचे तीन फटके ठरलेले, म्हणजे पानांसाठी लाइफ द्यायची आणि पानं जवळ ठेवल्याबद्दल पुन्हा द्यायची. 1996 च्या सुरुवातीला डेकमध्ये ब्लॅक वाइस एकच ठेवण्याचं बंधन आलं आणि चित्र पालटलं. आता त्याचं उलटं भावंड, आयव्हरी टॉवर, कामाला आलं. हातात चाराच्या वर जितकी पानं, तितकी लाइफ ते परत देतं. सात पानांचा तोच हात आता दर पाळीला तीन लाइफ मिळवून देऊ लागला. नेक्रोपोटन्सचं एक अक्षरही बदललं नव्हतं, बदललं ते आजूबाजूचं.

म्हणून मी पहिल्या रेटिंगकडे कार्डाचे गुण म्हणून बघतच नाही. ती त्या दिवशीच्या मैदानाची, म्हणजे तेव्हा कोणते डेक खेळले जात होते त्याची, आणि लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर असलेल्या डेकची नोंद असते.

कधीकधी तर जोडीचं कार्ड अजून छापलेलंच नसतं. डार्क डेप्थ्स 2006 चं. हे ‘जमीन’ प्रकारचं कार्ड. जमिनी एरवी माना देतात, ही देत नाही, तिच्यावर बर्फाचे दहा काउंटर (खुणेच्या सोंगट्या) असतात आणि प्रत्येक काढायला तीन माना. तीस माना ओतल्यावर 20/20 चा (पहिला आकडा माऱ्याचा, दुसरा सोसण्याचा) उडणारा राक्षस मिळणार. कोण खेळणार हे? तीन वर्षांनी व्हॅम्पायर हेक्समेज आली. दोन मानांचं हे प्राणी-कार्ड स्वतःचा बळी देऊन एका कार्डावरचे सगळे काउंटर एका झटक्यात काढतं. 2011 मध्ये मॉडर्न फॉरमॅट (कोणती कार्डं चालतील ते ठरवणारा स्पर्धेचा एक प्रकार) सुरू झाला तेव्हा डार्क डेप्थ्स पहिल्याच बंदीच्या यादीत होतं. 2006 मध्ये त्याला कमी गुण देणाऱ्याला दोष कसा द्यायचा?

ज्यांचा व्यवसायच हा आहे, ते बनवणारेही चुकतात. 2004 च्या फेब्रुवारीत आलेल्या स्कलक्लॅम्प या प्राण्याला लावायच्या अवजाराचे आकडे शेवटच्या टप्प्यात बदलले गेले आणि धारण करणाऱ्या प्राण्याला +1/-1 मिळू लागलं. उणे एक म्हणजे तोटा, असं कागदावर दिसतं. पण तो प्राणी मेला की दोन पानं मिळतात, आणि 1/1 चा प्राणी तर क्लॅम्प लावताक्षणीच मरतो! एका मानात दोन पानं. जूनमध्ये स्टँडर्डमधून (फक्त अलीकडच्या सेटची कार्डं चालणाऱ्या प्रकारातून) त्याच्यावर बंदी आली.

मी स्वतः सपशेल चुकलो ते 2022 मध्ये, फेबल ऑफ द मिरर-ब्रेकरच्या बाबतीत. तीन मानांत एक 2/2 गॉब्लिन, पुढच्या पाळीला दोन पानांपर्यंत अदलाबदल, तिसऱ्या पाळीला उलटून एक नाजूक 2/2. प्रत्येक टप्पा मी वेगळा मोजला आणि तिन्ही वेळा ‘ठीक’ म्हटलं. माझी चार रेअर (दुर्मिळ कार्डांसाठीची) वाइल्डकार्ड दुसरीकडे गेली. समोरून ते खेळलं जाऊ लागलं तेव्हा कळलं की समोरच्याला एका कार्डासाठी तीन वेगळी उत्तरं शोधावी लागतात. गॉब्लिन मारला तरी बाकीचे दोन टप्पे येतातच. वाचताना हे दिसत नाही, खेळताना पाठीला जाणवतं. 2023 च्या मेमध्ये त्याच्यावर स्टँडर्डमध्ये बंदी आली.

ड्राफ्ट (पाकिटांतून एकेक कार्ड उचलत डेक बनवण्याचा प्रकार) खेळत असाल तर म्हणाल की मतं सोडा, 17लँड्स या साइटवर कोणतं कार्ड किती जिंकून देतं त्याचे आकडे असतात. असतात, आणि मीही ते बघतो. पण पहिल्या चार दिवसांचे आकडे ट्रॅकर (डावांची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर) लावून खेळणाऱ्या हौशी मंडळींचे असतात. एखादं कॉमन (सहज मिळणारं) कार्ड जिंकून देतंय असं दिसलं की सगळे ते लवकर उचलतात, मग त्या रंगाची पानं पाच जणांत वाटली जातात आणि तोच आकडा खाली येतो.

तरी व्हिडिओ बघूच नका असं मी सांगणार नाही. मला त्यातून खूप शिकायला मिळतं, फक्त मी गुण ऐकत नाही. मी ‘जर’ ऐकतो. ‘जर मैदान संथ राहिलं तर’, ‘जर दोन मानांचा चांगला प्राणी मिळाला तर’. असा ‘जर’ सांगणारा परीक्षक चुकला तरी उपयोगाचा, कारण कुठे लक्ष ठेवायचं ते त्यानं दाखवलेलं असतं. त्यातही कार्ड ‘लाइफ द्या’ किंवा ‘पान टाका’ म्हणत असेल तर मी दोनदा वाचतो. किंमत पहिल्या ओळीत दिसते, फायदा तिसऱ्या पाळीला.

वाइल्डकार्डचं म्हणाल तर दोन आठवडे थांबा. तोवर हात शिवशिवत असतील तर दोन रंगांचे माना देणाऱ्या रेअर जमिनी घ्या. पुढच्या महिन्यात डेक कोणतंही निघालं, तरी त्या रंगांना त्या लागतीलच.